अप्पांचा माग आणि माझा कॅमेरा

परदेशातून गावी आलेल्या माणसाला बेळगावात दोन प्रश्न हमखास विचारतात. "कधी आलास?" आणि त्याला धरूनच, "परत कधी जाणार?" आमच्या घरी हे प्रश्न दोन भाषांतून यायचे. अप्पा मराठीतून विचारत आणि अव्वा कन्नडमधून, "यावाग बंदी? यावाग होगती?" अव्वाचं माहेर रामदुर्गचं. त्यामुळे आमच्याकडे पैशाचे हिशेब मराठीत, तर रागावणं आणि आग्रह करकरून जेवायला वाढणं कन्नडमध्ये, अशी वाटणी ठरूनच गेली होती. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच चालत असेल, तेव्हा जास्त सांगत नाही.

मी १९८९ साली मस्कतला नोकरीला गेलो आणि २०१३ साली कायमचा परत आलो. पहिल्या दोन पगारांतून घरी पैसे पाठवून जे उरलं, त्यात रूवीच्या बाजारातून एक पेंटॅक्स के-१००० कॅमेरा घेतला. सगळं हातानं करायचा कॅमेरा. त्यातला सेल फक्त प्रकाश मोजण्यापुरता, बाकी फोकसपासून रोल पुढे सरकवण्यापर्यंत सगळं आपणच. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. रोल धुऊन छापून घ्यायचे पैसे आठवले की बटणावरचं बोट आपोआप थांबायचं. आज माझा नातू नाश्त्याच्या ताटाचेच वीस फोटो काढतो. त्याला हे सांगून पटत नाही.

एकटा माणूस, शुक्रवारची सुट्टी आणि चांगले रस्ते. मग काय, भटकंती सुरू झाली. पहाटे निघालं की दीड-दोन तासांत निझवा. तिथला शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार मी किती वेळा टिपला असेन याची गणती नाही. आपल्याकडे जनावरं दाव्याला बांधलेली असतात आणि गिऱ्हाईक फिरतं. तिथे उलटं! गिऱ्हाइकं गोल करून बसतात आणि विकणारे आपापली बकरी हाताशी धरून त्या गोलातून फिरवतात. धूळ, सकाळची तिरकी उन्हं, पांढरे डगले, रंगीत पागोटी. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं? सूरला लाकडी गलबतं बांधताना पाहिली. ती बांधायला सागवान मलबारातून जायचं, हे ऐकल्यावर उगाचच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं होतं. आणि सलाला! उरलेलं ओमान ४५ अंशांत होरपळत असताना जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तिथे धुकं, भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर. माडाच्या आणि केळीच्या बागा तर बाराही महिने. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. नुसता भिजत उभा राहिलो.

एक शिस्त मात्र त्या देशानं लावली. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, बायकांचा तर नाहीच. "मुमकिन सूरा?" म्हणजे फोटो काढू का, हे दोन शब्द मी सगळ्यात आधी शिकलो. 'नाही' म्हटलं की कॅमेरा खाली.

तसं पाहिलं तर फोटोला पहिला नकार मला परदेशात नव्हे, घरातच मिळाला होता. आमचं घर वडगावातलं. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा मागवाल्यांचा भाग. बेळगावात इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा शहापूर सांगलीकरांच्या संस्थानात, असा तो इतिहास. आमच्या माजघराच्या बाजूच्या खोलीत अप्पांचा खड्ड्याचा माग होता. अप्पा खड्ड्यात पाय सोडून बसत आणि नऊवारी सुती साड्या विणत. सूत मालकाचं, मजुरी आमची. एका साडीला दोन-तीन दिवस लागत. अव्वा आणि आम्ही भावंडं कांड्या भरून द्यायचो. धोट्याचा आणि फणी आपटल्याचा तो खटक-खट्ट आवाज हेच आमचं घड्याळ होतं. तो थांबला की अप्पा जेवायला उठले.

१९९१ साली पहिल्या रजेवर आलो तेव्हा मोठ्या हौसेनं कॅमेरा घेऊन मागापाशी उभा राहिलो. अप्पांनी हात थांबवला. "कशाला काढूलास रे असला फोटो? अंगात बनियन, कमरेला पंचा. लोकास्नी काय दाखवणार?" ते उठले, हात-पाय धुतले, लग्नातला काळा कोट चढवला, टोपी घातली आणि दारात खुर्ची टाकून ताठ बसले. "आता काढ." तो फोटो आजही भिंतीवर आहे. छानच आला आहे. पण त्यातला माणूस कुठल्याही कचेरीतला हेडक्लार्क वाटतो. मी मनात म्हटलं, माग कुठे पळून जातोय? पुढच्या खेपेला काढू.

पुढच्या खेपा आल्या आणि गेल्या. रजा महिनाभराची. त्यात एक लग्न, एक बारसं, सौंदत्तीची यल्लम्मा आणि कुणाकुणाला द्यायचे खजुराचे डबे आणि अत्तराच्या बाटल्या. सुरुवातीला मुंबईला उतरून रात्रीच्या बसनं कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर करत यायचो. पुढे गोव्याला उतरून चोर्ला घाटानं येऊ लागलो. घाट चढून वर आलं की कणकुंबी. तिथे मलप्रभा उगम पावते आणि पुढे अव्वाच्या रामदुर्गाला जाते. पावसाळ्यात त्या वळणांवर मी गाडी थांबवून रोलच्या रोल संपवले आहेत. घरी पोचेपर्यंत रोलमध्ये चार-पाच फोटो उरायचे, तेही पाहुण्यांच्या गटात खर्ची पडायचे.

१९९८ साली मस्कतच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर एका लहान गावात फिरत होतो. एका झोपडीवजा शेडमधून ओळखीचा आवाज आला. खटक-खट्ट. मी जागच्या जागी थांबलो. आत वाकून पाहिलं तर एक म्हातारा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, लुंगीचं कापड विणत होता. तीच बैठक, तसाच खांद्याचा झोक. मी विचारलं, त्यानं मान हलवली. मी बारा-पंधरा फोटो काढले. मग त्यानं खजूर आणि कावा पुढे केला. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना थोडीफार हिंदी येते, तशी त्यालाही येत होती. मी सांगितलं, माझे वडीलही हेच काम करतात. म्हातारा एकदम खुलला. म्हणाला, "दिखाओ, फोटो दिखाओ."

माझ्या पाकिटात अप्पांचा फोटो होता. कोट-टोपीतला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "इसमें माग किधर है?"

त्या रात्री मी खोलीवरचे सगळे अल्बम खाली काढले. बकऱ्या होत्या, गलबतं होती, किल्ले, वाळूचे डोंगर, दुसऱ्याच्या बापाचा माग. माझ्या बापाचा नव्हता.

पुढच्या वर्षी गणपतीला आलो ते तीन कोरे रोल घेऊनच. पिशवी ठेवली आणि थेट त्या खोलीत गेलो. खोली रिकामी होती. खड्डा बुजवून वर सिमेंटचा कोबा केला होता आणि तिथे धाकट्या भावाची मोटारसायकल उभी होती. भोवती यंत्रमागांचा दिवसरात्र खडखडाट सुरू झाला होता. हातमागाच्या साडीला मालक सूत देईना, अप्पांचे गुडघेही धरले होते. माग सहा महिन्यांपूर्वीच मोडून लाकूड जळणाला गेलं होतं. मला कुणी कळवलं नव्हतं. फोनवर मिनिटाला इतके रियाल पडत असताना मोडक्या मागाची बातमी कोण देणार?

मी काही बोललो नाही, पण अप्पांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला गाडी बाहेर काढायला लावली. कोब्यावर पाट ठेवून, पाय सोडायला जागा नव्हती म्हणून मांडी घालून बसले. अंगात बनियन, कमरेला पंचा. म्हणाले, "काढ आता. हात कसा चालतो तेवढं तरी येईल." आणि हवेतच डाव्या हातानं फणी ओढत उजव्या हातानं धोट्याची दोरी मारू लागले. अव्वा दारातून ओरडली, "हुच्च हिडीदैती काय तुम्हास्नी!" अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी फोटो काढले. खोलीत उजेड कमी होता, हात हलत होते. सगळे फोटो अस्पष्ट आले. अप्पा २००६ साली गेले.

परत आल्यावर, २०१४ च्या उन्हाळ्यात मी सगळ्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. बेळगावच्या पावसानं निम्म्यांवर बुरशी चढली होती. ज्यांच्या घरी असे डबे पडले असतील त्यांना दोन गोष्टी सांगतो. निगेटिव्ह टाकू नका. फोटो खराब झाला तरी त्यांच्यावरून नवा काढता येतो. कोरड्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून त्या ठेवा. आणि चिकट पानांच्या अल्बममधले फोटो जमेल तेवढ्या हळू सोडवून काढा. मागे नाव, साल लिहाल ते मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. हे काम घरातली जुनी माणसं आहेत तोवर, त्यांना शेजारी बसवून करा. आमच्या डब्यातल्या बावीस चेहऱ्यांची नावं फक्त अव्वाला ठाऊक होती.

त्याच कामात, धाकट्या बहिणीच्या १९९४ च्या हळदीचा एक फोटो हाती आला. मीच काढलेला. पुढे बायका हसताहेत, बहिणीचं तोंड पिवळंधमक. आणि मागे उघड्या दारातून ती खोली दिसते आहे. मी भिंग घेऊन बसलो. माग होता! पण त्यावर वरपासून खालपर्यंत चादर टाकलेली. चादरीखालून फक्त एक खुंट आणि गुंडाळलेल्या साडीचा हातभर काठ दिसत होता.

मी तो फोटो अव्वापुढे धरला. चादर कुणी टाकली, असं विचारलं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून का?

अव्वानं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "मीच टाकली," म्हणाली. "अर्धी साडी मागावर होती. हळद उडाली असती तर मालकानं घेतली असती काय?"