रंगावरून ओळखा इंजिनाचा काळ

‘खेकडा’ या टोपणनावाचं १९२८ सालचं मालवाहू इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. जागचं हलत नाही, त्यामुळे फोटोला सोपं!

खरी कसोटी कर्जत–लोणावळा घाटात. चढ ३७ ला १, म्हणून गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात. वळण साधलं तर पुढचं-मागचं एकाच फ्रेममध्ये येतं. प्रवासी गाडीचं डब्ल्यूएपी-७ बहुधा पांढरं, लाल पट्ट्याचं. दुपारच्या उन्हात पांढऱ्यातले बारकावे उडतात; सकाळचं तिरकं ऊन बरं. मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ हिरवं असतं.

निळ्या-क्रीम डब्ल्यूसीएएम-३ चा जुना फोटो मात्र जपावा. एसी-डीसी दोन्हींवर धावणारी ही इंजिनं १५०० व्होल्ट डीसीच्या गरजेतून आली; सीएसएमटी–कल्याण मुख्य मार्ग २०१५ मध्ये पूर्ण एसी झाला.