दुसरी पिचर कुठंय?

परदेशात लेकीकडे गेलेल्या आईनं काय काय करायचं असतं, ती यादी आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. डिंकाचे लाडू, बाळाला तेल लावणं, फोडण्यांचा वास घरभर पसरू नये म्हणून खिडक्या उघडणं वगैरे वगैरे. त्या यादीत ‘संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मुलींचा सॉफ्टबॉल बघणं’ कुणी घालत नाही. मी २०२५च्या जूनमध्ये ऑस्टिनला तेच केलं. तेही सलग तीन संध्याकाळी, पोळ्या आधीच लाटून ठेवून.

कारण माझी थोरली नात. वय वर्षं बारा. ती पिचर आहे, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या भाषेत गोलंदाज. आणि ऑस्टिनमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या मुली कॉलेज सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय अंतिम फेरीत पोचल्या होत्या आणि समोर होती त्याच राज्यातली टेक्सास टेक. शेजाऱ्याशेजाऱ्यांचीच लढत म्हणा ना. टेक्सासनं आधी एकदाही अजिंक्यपद मिळवलं नव्हतं. टेक तर त्या शेवटच्या आठ संघांतच पहिल्यांदा आली होती.

मला सॉफ्टबॉल अगदीच नवा नाही. अमरावतीला कॉलेजात शिकवत असताना मुलींच्या टीमबरोबर बाहेरगावी जायला एक बाई लागायची. बाकीच्यांच्या घरी अडचणी असायच्या, म्हणून मी जायची. मॅनेजर म्हणे! खरं काम तिकिटं सांभाळणं, जेवणाचं बघणं आणि रात्री खोल्यांना कड्या लागल्यात का ते तपासणं. पण बसून बसून खेळ कळायला लागला. सात इनिंगचा सामना. पिचर उभी राहते तिथपासून बॅटर अवघी ४३ फुटांवर. चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा आणि तो वरून नाही, खालून टाकायचा. हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून मांडीजवळून सोडायचा. बाकीच्या आठजणी कितीही चांगल्या असोत, प्रत्येक चेंडू पहिल्यांदा त्या एका मुलीच्या हातून जातो.

टेक्सास टेककडे ती एक मुलगी होती. नायजारी कॅनडी. कॅन्सस राज्यातल्या टोपेकाची. आधी स्टॅनफर्डकडून खेळायची आणि २०२४ साली देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली होती. त्याच वर्षी ती टेकमध्ये गेली, ती एका वर्षाच्या १० लाख ५० हजार २४ डॉलरच्या करारावर. वरचे २४ डॉलर कशाचे, असं मी विचारलं तर नात म्हणाली, ‘‘आजी, तिचा जर्सी नंबर!’’ कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभाच मुळी २०२१ साली मिळाली. आणि सॉफ्टबॉलमधली एक मुलगी तीन वर्षांत दहा लाखांच्या पुढे. मला तर मनापासून आनंद झाला. मुलींच्या खेळाला पैसा नसतो, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय.

पण तिच्यावर एवढा पैसा लावल्यावर चेंडूही तिच्याच हातात राहणार, हे ओघानं आलंच.

त्या स्पर्धेची रचना थोडक्यात सांगते. देशभरातून ६४ संघ निवडले जातात, त्यातले आठ ओक्लाहोमा सिटीला जातात. दोन पराभव झाले की घरी. शेवटी उरलेल्या दोघांत तीनपैकी दोन सामने जिंकेल तो विजेता. आणि हे तीन सामने लागोपाठच्या तीन दिवशी. मुलांच्या कॉलेज बेसबॉलमध्ये शुक्रवारी एक, शनिवारी दुसरा, रविवारी तिसरा असे सुरुवातीचे तीन पिचर ठेवतात. एकच मुलगा तिन्ही दिवस पहिल्या चेंडूपासून टाकेल अशी कल्पनाही कुणी करत नाही. मुलींच्या खेळात मात्र ती कल्पना वर्षानुवर्षं चालत आलीय. चालत आलीय कसली, तिचं कौतुकच होतं.

टेक तशीच आली होती. मिसिसिपी, मग यूसीएलए, मग ओक्लाहोमा. ओळीनं तीन विजय. त्यातली ओक्लाहोमा म्हणजे २०२१ ते २०२४ लागोपाठ चार वर्षं अजिंक्य राहिलेला संघ. तिघांविरुद्ध टेकचा प्रत्येक चेंडू कॅनडीनंच टाकला.

४ जूनचा पहिला सामना. सहाव्या इनिंगपर्यंत टेक एका धावेनं पुढे. टेक्सासच्या दोघी बेसवर, बॅटिंगला रीस अ‍ॅटवुड. ही धोक्याची बॅटर, म्हणून तिला मुद्दाम चार चेंडू लांबून टाकून फुकट पहिला बेस द्यायचा, असं टेकनं ठरवलं. यात नवीन काही नाही, सगळेच करतात. पण कॅनडीचा एक चेंडू हवा तेवढा लांब गेला नाही. अ‍ॅटवुडनं पाय पुढे टाकून तो मारला. दोन धावा. टेक्सास २-१.

माझे जावई सोफ्यावरून उठून उभे राहिले. कडेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. नात मात्र गप्प. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘ती दमलीय.’’

मला तेव्हा पटलं नाही. चूक कुणाचीही होते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅनडीच. टेकनं तो सामना ४-३ असा जिंकला, तेव्हाही शेवटच्या इनिंगमध्ये जीव टांगणीला लागला होता. आणि इकडे टेक्सासनं त्या दिवशी काय केलं? त्यांचीही एक मुख्य पिचर होती, टीगन कॅव्हन. तिला त्यांनी सुरुवातीला उतरवलंच नाही. सामना दुसऱ्या मुलीच्या हाती देऊन सुरू केला. हरले. पण हरायची तयारी ठेवून तिसऱ्या दिवसासाठी एक ताजा हात राखून ठेवला. पिचिंगची ‘डेप्थ’ म्हणतात ती हीच. आपण कोठारात राखून ठेवतो ना, तसं. दुसरी आणि तिसरी पिचर पहिलीइतकी चांगली असावी लागते असं नाही. एक दिवस तिच्यावर विसंबता आलं पाहिजे, बस्स.

तिसऱ्या दिवशी पहिल्याच इनिंगमध्ये टेक्सासनं कॅनडीला पाच धावा काढल्या. त्यात ली-अ‍ॅन गूडचा तीन धावांचा होमरन. नुसत्या दमण्याची गोष्ट नव्हती ती. तेच हात, तोच चेंडू त्या बॅटर तीन दिवसांत तिसऱ्यांदा बघत होत्या. पहिल्या दिवशी जो चेंडू वर उसळताना दिसत नव्हता, तो आता हातातून सुटतानाच कळत होता. पहिली इनिंग संपल्यावर कॅनडीला बाहेर बसवलं. मग टेकच्या ज्या मुलींना त्या आठवड्यात एकही चेंडू टाकायला मिळाला नव्हता, त्यांना बारा हजार लोकांसमोर थेट अंतिम सामन्यात उभं केलं! काय वाटलं असेल त्यांना. आणि मुळात त्यांना काय बोल लावायचा? आदल्या पाच सामन्यांत कुणी त्यांना विचारलं होतं?

टेक्सास १०-४ नं जिंकली. मिया स्कॉटनं चारी बेस भरलेले असताना होमरन मारला. गुडघ्यातला मुख्य स्नायुबंध फाटलेला असताना ती खेळत होती, हे नंतर बाहेर आलं. (याचंही त्या रात्री फार कौतुक चाललं होतं. मला मात्र पोटात कसंतरी झालं.) सर्वोत्तम खेळाडू कॅव्हन ठरली. त्या आठ संघांच्या फेरीत तिच्या नावावर एकही ‘अर्न्ड रन’ नव्हती, म्हणजे सोबतिणींच्या चुकीशिवाय निव्वळ तिच्या चेंडूवर निघालेली धावच नाही.

आता कुणी म्हणेल, कॅनडी नसती तर टेक तिथवर पोचली असती का? नसती. मान्य. एका मोठ्या पिचरच्या खांद्यावर बसून संघ शेवटच्या आठांत, शेवटच्या दोघांतही पोचतो. २०२१ साली जेम्स मॅडिसन नावाचं मानांकनही नसलेलं विद्यापीठ असंच आलं होतं. ओडिची अलेक्झांडर ही त्यांची पिचर. तिनं पहिल्याच सामन्यात ओक्लाहोमाला हरवलं. सगळं स्टेडियम तिच्या प्रेमात. पण ओक्लाहोमा पुन्हा समोर आली आणि दोनदा जिंकून गेली. बाहेर पडताना लोकांनी अलेक्झांडरला उभं राहून टाळ्या दिल्या, चषक ओक्लाहोमानं नेला. त्याच ओक्लाहोमाचा २०२३चा संघ बघा. जॉर्डी बॉल, निकोल मे, अ‍ॅलेक्स स्टोराको अशा तिघी, कुणालाही कधीही उभं करावं. त्या वर्षी ६१ विजय आणि एकच पराभव.

टेकलाही हे कळलं असणार. कारण २०२५च्या त्याच उन्हाळ्यात कॅनडीशी पुन्हा मोठा करार झाला आणि पाठोपाठ यूसीएलएमधून केटलिन टेरी ही डावखुरी पिचर त्यांनी आणली.

एकाच मुलीनं इतकं टाकावं हे चालतं कसं, याचं उत्तर त्या पवनचक्कीत आहे. खालून टाकलेला चेंडू ‘नैसर्गिक’, त्यानं खांद्याला काही होत नाही, हा समज पिढ्यान् पिढ्या चालला. अमरावतीलाही आमचे सर हेच सांगायचे. १९९८ साली अमेरिकेत खालून टाकणाऱ्या पिचरचा अभ्यास छापून आला. खांद्यावर आणि कोपरावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या ७० ते ९८ टक्के भरला. म्हणजे जवळजवळ अख्खी मुलगी दर चेंडूला त्या सांध्यावर लटकतेय! तरीही २०१७पासून तिथल्या शाळांतल्या मुलांच्या बेसबॉलमध्ये पिचरनं किती चेंडू टाकायचे याची मर्यादा सक्तीची झाली आणि मुलींच्या सॉफ्टबॉलला तसं काही लागू झालं नाही. मुलाचा हात जपायचा, मुलीचा आपला नैसर्गिक.

हे वाचलं आणि मला एक वेणी आठवली.

आमच्या टीमची एक पिचर होती. खेड्यातली, काटक, बोलायची कमी. एका आंतरविद्यापीठ स्पर्धेत तिनं दोन दिवसांत चार सामने टाकले. दुसरी पिचर नव्हतीच. दुसरी तयार करावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्याही नाही. संध्याकाळी ती खोलीत कंगवा घेऊन नुसती बसून होती. म्हटलं, काय गं? म्हणाली, ‘‘बाई, हात मागं जात नाही.’’ मी तिची वेणी घालून दिली, मलम चोळलं आणि सकाळी उठून आम्ही तिला पुन्हा मैदानात उभं केलं. तिनंही नाही म्हटलं नाही. हरलो तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच रडली, माझ्यामुळे गेलं म्हणून. पुढच्या वर्षी ती टीममध्ये नव्हती. लग्न झालं, एवढंच कळलं. खांद्याचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

म्हणून तिसऱ्या सामन्यानंतरच्या शनिवारी नातीबरोबर मैदानावर गेले तेव्हा माझं लक्ष खेळाकडे कमी आणि तिच्या उजव्या खांद्याकडे जास्त होतं. तिथं शनिवार-रविवारच्या स्पर्धा असतात, दोन दिवसांत चार-पाच सामने. सकाळचे दोन तिनंच टाकले. दोन्ही जिंकले. दुपारी डब्यातला पराठा खाताना ती डाव्या हातानं खात होती. मी पाहिलं. लेकीनंही पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघून गप्प बसलो, कारण असं काही बोललं की ‘आजीला काय कळतं’ असं होतं, हे मला ठाऊक आहे.

‘‘दुखतंय का?’’ शेवटी लेकीनं विचारलं.

‘‘थोडंसं. पण आम्हाला फायनल आहे.’’

‘‘दुसरी कोण आहे तुमच्याकडे पिचर?’’ मी विचारलं.

तिनं एका चष्मेवाल्या मुलीकडे बोट दाखवलं. ‘‘ती. पण ती नीट नाही टाकत.’’

‘‘तिला किती सामने मिळाले?’’

नात गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘एकही नाही.’’

लेक उठली आणि कोचशी बोलायला गेली. पाचेक मिनिटं चाललं. लांबून ऐकू येत नव्हतं, पण कोचच्या माना हलवण्यावरून कळत होतं की बोलणं सोपं नाही. शेवटी तो चष्मेवालीपाशी गेला. तिनं आईकडे पाहिलं. तिची आई माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती. तिनं हातातला थंड पेयाचा ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली.

चष्मेवालीचे पहिले चार चेंडू कुठल्या कुठे गेले. पाचव्याला कॅचरच्या डोक्यावरून. नात पहिल्या बेसवर उभी होती, तिथून ओरडली, ‘‘यू आर ओके!’’ तिसऱ्या इनिंगला एक स्ट्राइकआउट मिळाला तेव्हा शेजारच्या बाईंनी माझा हात पकडला आणि सोडलाच नाही. ९-२ नं हरलो.

परतताना गाडीत नात धुसफुसत होती. फायनल गेली, आईनं मध्ये पडायला नको होतं, आता सगळ्या मुली काय म्हणतील. लेक गाडी चालवत ऐकून घेत होती. मी मागे बाळाजवळ. थोड्या वेळानं नातीनं टोपी काढली, दोन्ही हात मागे नेले, सुटलेले केस गोळा केले आणि रबर लावून पोनीटेल बांधली. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘आजी, असं काय बघतेस?’’