लिहून दिलेले भाषण आणि मुक्ताचा निबंध

३ जानेवारीला वस्तीतल्या विहारात सावित्रीमाईंची जयंती झाली. नंदुरबार जिल्ह्यातल्या ज्या गावी आम्ही राहतो, तेथे मुलामुलींची भाषणे दरवर्षी आम्हीच लिहून देतो. कारकुनी पेशा, अक्षर बरे, म्हणून ते काम आमच्याकडे आलेले. यंदा अकरावीतल्या एका मुलीला दोन फुलस्केप कागद भरून दिले. सावित्रीमाईंचा जन्म १८३१, नायगाव. शेणाचा मारा सोसला. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना देह ठेवला. शेवटी मुक्ता साळवेचे नाव.

मुलीने पहिला कागद वाचला, दुसरा घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "आमच्या वस्तीतल्या संडासाला दार नाही, दिवा नाही. अंधारात जावे लागू नये म्हणून आम्ही मुली दुपारनंतर पाणी पीत नाही."

व्यासपीठावर पुढारी बसलेले. आम्ही खालून 'पुरे कर' अशी खूण केली. खोटे कशाला बोला, आम्ही घाबरलो. कार्यक्रम संपल्यावर ती आमच्याजवळ आली. "काका, मुक्ताला तिचा निबंध कोणी लिहून दिला होता का?"

आम्ही निरुत्तर झालो.

मुक्ता मांग समाजातली, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली. तीन वर्षांच्या शिक्षणावर चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला.  ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई, त्यांचा धर्म कोणता, असा सवाल तिने केला. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या आयाबायांचे हाल तिने मांडले. घरातले, अंगावरचे दुःख तिने चारचौघांपुढे ठेवले. आमच्या मुलीने तरी दुसरे काय केले?

ही वाट पुढेही चालू राहिली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. सुमारे २५ हजार महिला जमल्या. बाबासाहेबांनी त्यांना मार्गदर्शन केले. पण त्या नुसत्या ऐकायला आल्या नव्हत्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीत्वाला बंदी व्हावी, कायदेमंडळात महिलांना जागा मिळाव्यात, असे ठराव त्यांनी केले.

आपला जिल्हाही मागे नाही. १९७२ साली शहादा भागात श्रमिक संघटना उभी राहिली. त्या काळात भिल्ल आदिवासी बाया शिबिरात उठून दारू आणि मारहाण यांविषयी बोलल्या. मग गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. त्यांतल्या कितीजणींना अक्षरओळख होती? पण बोलायचे काय, हे त्यांना कोणी लिहून द्यावे लागले नाही.

आता कायदाही हाताशी आहे. २०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. अठरा वर्षांखालची मुलगी मतदार नाही, म्हणून ग्रामसभेची सदस्य नाही. पण आईचा अर्ज तर तिला लिहिता येतो!

आमच्या मुलीने तेच केले. अर्ज तिने लिहिला, तिच्या शब्दांत. आम्ही एवढेच सांगितले की तारीख घाल, दोन प्रती कर, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. बावीस महिलांनी सह्या-अंगठे केले. महिलांच्या सभेत तिच्या आईने तो अर्ज उभे राहून मांडला. दिवा लागला आहे. दार अजून नाही. दुसरा अर्ज तयार आहे.

मायबहिणींनो, बांधवांनो, येत्या १४ एप्रिलला तुमची मुलगी भाषणाला उभी राहील. तिला माहिती जरूर द्या, सनावळ्या पाठ करून घ्या. पण एक कागद कोरा राहू द्या. त्यावर काय लिहायचे, ते तिला ठाऊक आहे. आणि ती बोलू लागली की, आम्ही केली तशी खूण तुम्ही करू नका.

जय भीम!