पेशींचे वार्धक्य : कर्करोगाविरुद्धचे नैसर्गिक संरक्षण

शरीराची वाढ व झीज भरून निघणे ही दोन्ही कार्ये पेशीविभाजनावर अवलंबून असतात. मात्र हे विभाजन अनिर्बंध झाल्यास कर्करोग उद्भवतो. त्यामुळे ठरावीक विभाजनांनंतर, अथवा डीएनएला गंभीर इजा झाल्यास, पेशी विभाजन कायमचे थांबवते. ती मरत नाही. तिचे चयापचय चालू राहते. या अवस्थेस पेशीय वार्धक्य म्हणतात.

मर्यादेचा शोध

भारतातील ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभारली. अमेरिकेत त्यांनी जॉर्ज गे यांच्यासमवेत काम केले होते. गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये कर्करोगाच्या गाठीतील ‘हेला’ पेशी वाढवण्यात आल्या. त्यांचे विभाजन आजही सुरू आहे. याउलट, निरोगी मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले.

कार्यपद्धती

गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर प्रत्येक विभाजनागणिक आखूड होतात. ते फार आखूड झाल्यावर पी५३ व पी१६ यांसारखी प्रथिने विभाजनचक्र रोखतात. टेलोमरेज हे विकर टेलोमिअरची लांबी टिकवते. बहुतेक कर्करोगपेशी त्याच्याच साहाय्याने ही मर्यादा ओलांडतात. टेलोमिअर व टेलोमरेजविषयीच्या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक झोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगकारक जनुक सक्रिय होताच टेलोमिअर आखूड होण्यापूर्वीही पेशी थांबू शकते, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले.

लाभ आणि मूल्य

तथापि, थांबलेल्या पेशी दाह वाढवणारी रसायने स्रवतात. तारुण्यात प्रतिकारसंस्था अशा पेशींचा निचरा करते. उतारवयात त्या साचतात, ऊतींची हानी करतात आणि शेजारच्या पेशींमध्ये कर्करोगाला पोषक परिस्थितीही निर्माण करू शकतात. म्हणजे तारुण्यातील संरक्षणाचे मूल्य वार्धक्यात चुकवावे लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या. त्यामुळे हा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा नाही, आरोग्यखर्चाचाही आहे. साचलेल्या पेशी हटवणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत. परंतु साचलेल्या पेशी हटवणे आणि विभाजनावरील बंधनच काढून टाकणे यांत मूलभूत फरक आहे. दुसऱ्या मार्गाने कर्करोगाविरुद्धचे संरक्षणच नष्ट होईल. म्हणून वार्धक्य व कर्करोग यांवरील संशोधनाचे नियोजन एकत्रितपणे होणे आवश्यक आहे.