शर्यतीपूर्वीचे दिवस

हिंगणघाटाहून वर्ध्याला पायी निघालेल्या माणसाचा सारा दिवस वाटेतच जातो. साधारण तेवढेच अंतर काही माणसे एका दमात धावत जातात, आणि तेही सकाळच्या न्याहारीची वेळ टळण्यापूर्वी, हे प्रथम ऐकताना खरे वाटत नाही. अशा शर्यतीस मॅरेथॉन म्हणतात. ग्रीस देशातील मॅरेथॉन या गावावरून तिला हे नाव मिळाले. तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असून ते १९२१ साली कायमचे ठरविण्यात आले. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. ती जानेवारी महिन्यातील एका रविवारी, पहाटेच्या काळोखात सुटते.

समजा, वणा नदीच्या काठचा एखादा तरुण या शर्यतीची तयारी करीत आहे. चार-पाच महिने तो नित्य पहाटे उठून धावला आहे. सुट्टीच्या दिवशी तर तीस किलोमीटरांचीही मजल त्याने मारली आहे. आता शर्यतीला दोन आठवडे उरले. या दिवसांत त्याने काय करावे? तुमच्यांपैकी पुष्कळजण म्हणतील, "सराव आणखी वाढवावा." परीक्षा जवळ आली की आपण अभ्यास वाढवितो, तेव्हा असे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु शरीराचा न्याय निराळा आहे. या दोन आठवड्यांत त्याने धावणे कमी करावयाचे असते.

याचे कारण असे. धावल्यामुळे स्नायू त्याच दिवशी बळकट होत नाहीत. उलट त्या दिवशी ते थकतात व त्यांतील सूक्ष्म तंतूंना थोडीबहुत इजाही पोहोचते. पुढे विश्रांती मिळाली म्हणजे ती झीज भरून निघते आणि स्नायू पहिल्यापेक्षा सबळ होतात. या क्रियेस कित्येक दिवस लागतात. म्हणून अखेरच्या आठवड्यात केलेल्या कष्टांचा लाभ शर्यतीच्या दिवशी पदरात पडत नाही. त्यांचा शीण मात्र पडतो.

दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे. आपण खातो त्या भातापोळीतील पिष्टमय पदार्थांची शरीरात साखर होते, आणि तिचा काही भाग स्नायूंत व यकृतात साठून राहतो. या साठ्यास ग्लायकोजन म्हणतात. दीर्घकाळ धावणाऱ्याची मुख्य शिदोरी हीच. १९६६ साली स्वीडनमधील बर्गस्ट्रोम व हल्टमन या दोन शास्त्रज्ञांनी तिच्याविषयी एक प्रयोग केला, आणि तो दुसऱ्या कोणावर न करता स्वतःवरच केला. जागच्या जागी फिरणाऱ्या एकाच सायकलीच्या दोन बाजूंना ते दोघे बसले. प्रत्येकाने एकच पाय पायट्यावर ठेवला व दुसऱ्यास स्वस्थ राहू दिले. तो पाय थकून जाईपर्यंत त्यांनी सायकल चालविली. नंतर तीन दिवस त्यांनी पिष्टमय अन्न भरपूर खाल्ले. मांडीतून सुईने स्नायूचे कण काढून पाहिले, तेव्हा असे आढळले की श्रम केलेल्या पायातील रिता झालेला साठा नुसता भरून आला नव्हता, तर तो स्वस्थ पायातील साठ्याच्या जवळजवळ दुप्पट झाला होता! अन्न दोन्ही पायांना तेच मिळाले होते. फरक पडला तो आधीच्या श्रमाने.

तुमच्या शेतातील विहीर आठवा. दिवसभर उपसा केला की पाणी तळाला जाते. पंप बंद ठेवला की झरे तिला पुन्हा भरतात. उपसा चालूच ठेवला तर ती भरणार कशी? आपल्या तरुणाने कित्येक महिने उपसा केला आहे. आता झऱ्यांना अवसर हवा.

तथापि धावणे अगदीच सोडून भागत नाही, कारण पायांची चाल मोडते व अंग जड होते. म्हणून जाणते धावपटू रोजचे अंतर हळूहळू घटवीत निम्म्यावर व त्याहूनही खाली आणतात. शर्यतीच्या आठवड्यात ते चार-पाच किलोमीटर सावकाश धावतात. सावकाश म्हणजे किती? सोबत धावणाऱ्याशी धाप न लागता बोलता यावे इतके. धावून झाल्यावर शंभर मीटरांचे अंतर चार-पाच वेळा थोडे चपळाईने कापतात. तेवढ्याने पाय वेग विसरत नाहीत.

या दिवसांतील खरी कसोटी मनाची असते. साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते; त्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढते व पाय जड वाटू लागतात. गुडघ्यात उगाच कळ आल्याचा भास होतो. "आपला सराव बुडाला," या भीतीने एखादा आदल्या दिवशीच वीस किलोमीटर धावून येतो आणि महिन्यांची कमाई एका सकाळी उधळून टाकतो. शालेय क्रीडास्पर्धांतही हेच दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तालुक्याच्या सामन्याच्या आदल्या सायंकाळी मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या घालणारी मुले दुसऱ्या दिवशी मागे पडतात. झाडाखाली बसून बुटांच्या नाड्या नीट करणारा एखादा मुलगा पुढे निघून जातो. (मुंबईची पूर्ण मॅरेथॉन अठरा वर्षांखालील मुलांना धावता येत नाही, आणि ते योग्यच आहे, वाढत्या हाडांना एवढा भार सोसत नाही.)

आहाराचे म्हणाल, तर शेवटचे दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटे, केळी असे पदार्थ नेहमीपेक्षा अधिक व तेलतुपाचे कमी असावेत. अगदी शेवटच्या दिवशी ज्वारीच्या भाकरीपेक्षा मऊ वरणभात बरा, कारण भाकरीतील कोंडा पोटात रेंगाळतो. आपल्याकडे हे दिवस नेमके हुरड्याचे व संक्रांतीचे! तिळगूळ एखादा चालेल. हुरड्याचे आमंत्रण मात्र आठवडाभर पुढे ढकलावे. तिखट रश्शाचेही तेच. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. भीतीपोटी घागरभर पाणी पिणे हितावह नाही; त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते आणि तो प्रकार जिवावरही बेतू शकतो.

प्रवासाचाही विचार हवा. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा बेळगावचे फडेप्पा चौगुले भारतातर्फे मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांतून अनवाणी धावणारे जे खेळाडू दोराबजी टाटा यांच्या नजरेत भरले, त्यांतील ते एक. जहाजाचा लांबलचक प्रवास, परके अन्न आणि थंड हवा हे सर्व सोसून त्यांनी ती शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली व एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षीचे अंतर आजच्याहून अर्ध्या किलोमीटरने अधिकच होते. आपल्या तरुणाला वर्ध्याहून मुंबईपर्यंत केवळ एका रात्रीची आगगाडी आहे. परंतु तीही त्याने शर्यतीच्या आदल्या रात्री न धरता दोन दिवस आधी धरावी. बसून-बसून पाय सुजतात. शिवाय आपल्याकडील पहाट कोरडी व गार, तर मुंबईची दमट असते. तेथील हवेत घाम लवकर सुकत नाही.

राहता राहिल्या बारीकसारीक गोष्टी. पायांची नखे चार दिवस आधी कापावीत, म्हणजे चुकून खोल कापले गेले तरी जखम भरून येते. बूट सवयीचे असावेत. नवे कोरे बूट त्या दिवशी घालणे म्हणजे फोडांना आमंत्रण होय. शर्यतीच्या आदल्या रात्री बहुधा झोप लागत नाही, त्याची चिंता करू नये. त्याच्या आदल्या रात्री मात्र पोटभर झोपावे. निजण्यापूर्वी सदऱ्याला क्रमांकाचा कागद टाचून तो उशाशी ठेवावा. पहाटे शर्यत सुटली की भोवतालची हजारो माणसे एकदम वेगाने पळू लागतात आणि विश्रांतीने ताजे झालेले पायही त्यांच्यामागे ओढ घेतात. अशा वेळी आपल्या तरुणाने पहिले दोन-तीन किलोमीटर, मागचे लोक पुढे जात असले तरी, त्या आठवड्यातल्या सावकाश चालीहून फारसे वेगाने जाऊ नये.