दांडीवरचे वस्त्र

बीबी-का-मकबऱ्याच्या उत्तरेस, शहराच्या गलबल्यापासून फार दूर नव्हे अशा डोंगराच्या कुशीत औरंगाबादची लेणी कोरलेली आहेत. आणि अजिंठा-वेरूळच्या कीर्तीने आकर्षित होऊन आलेला प्रवासी बहुधा त्यांच्याकडे न फिरकताच परत जात असला, तरी वस्त्र कसे टांगावे या अगदी घरगुती प्रश्नाचा ज्याला विचार करावयाचा आहे, त्याने प्रथम तेथील एखाद्या कोठडीत जाऊन घटकाभर बसावे, असे मला मनापासून वाटते. जेमतेम पथारी पडेल एवढी जागा, एक दार, आणि चारी बाजूंनी उघडा दगड. येथे राहणाऱ्या बौद्ध भिक्षूची मालमत्ता ती काय असणार? एक पात्र, आणि संघाटी, उत्तरासंग व अंतरवासक ही तीन चीवरे. या चीवरांना ना गळा, ना बाही, ना खांदा. तुकडे जोडून शिवलेली ती सपाट आयताकार वस्त्रे होत.

ही वस्त्रे ठेवावयाची कोठे, हा प्रश्न भिक्षुसंघापुढे खरोखरच उभा राहिला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात असे आले आहे की भिक्षू आपली चीवरे मंचकावर आणि पीठावर टाकीत, त्यामुळे ती फाटत. म्हणून भगवान बुद्धांनी कोठडीत चीवरवंस, म्हणजे वस्त्रासाठी आडवा बांबू, आणि चीवररज्जू, म्हणजे वस्त्रासाठी दोरी, बांधण्याची अनुज्ञा दिली. त्याच पिटकातील महावग्गात तर उपाध्यायांची वस्त्रे शिष्याने कशी सांभाळावी, याचा बारीकसारीक तपशील आहे. चीवर एका हाताने धरावे, दुसऱ्या हाताने बांबू पुसून घ्यावा, आणि मग वस्त्राची टोके पलीकडे व घडी आपल्याकडे येईल अशा रीतीने ते टाकावे. त्याची घडी करावयाची ती कडा चार बोटे मागेपुढे ठेवून, म्हणजे मोड नेमकी मध्यावर पडणार नाही. वस्त्राची मोड हा वस्त्राचा मर्मभाग आहे, तेथेच ते आधी झिजते आणि तेथेच आधी फाटते, हे ओळखणाऱ्या त्या अज्ञात नियमकाराविषयी मला अतिशय आदर वाटतो.

बांबू गेले, दोऱ्या गेल्या. दगडातली भोके मात्र राहिली. नाशिकच्या पांडवलेण्यांचे वर्णन १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात छापले गेले, तेव्हा त्यासाठी कोठड्यांची पाहणी करणाऱ्या पंडित भगवानलाल इंद्रजींच्या नजरेतून ही भोकेही सुटली नाहीत, आणि त्यांत बसवलेल्या दांडीसाठी ‘वळगणी’ हा गुजराती घरांत आजही बोलला जाणारा शब्द तेथे आला. आपल्याकडे तिलाच वलणी म्हणतात. विद्वानाने लेण्यांतली वस्तू ओळखली ती आपल्या घरातील शब्दाने, ही गोष्ट मला त्या ग्रंथातील कोणत्याही शिलालेखापेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

औरंगाबाद शहरात औरंगपुऱ्यातील आणि गुलमंडीच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत माझ्या लहानपणी वलणी होती. तुळयांना बांधलेल्या दोन दोरखंडांत अडकवलेली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली ती लांब दांडी छताच्या इतकी जवळ असे की तिच्यापर्यंत कोणाचाच हात पोहोचू नये; सोवळ्याला शिवाशीव होऊ नये म्हणून ही उंची. पण मग नऊ वार लांबीचे ओले, जड लुगडे तेथवर चढवावयाचे कसे? त्यासाठी कोपऱ्यात एक काठी उभी असे. आजी लुगडे उभे चौपदरी करी, त्याचे एक टोक काठीच्या शेंड्यावर घेई, दांडीच्या पलीकडे सोडी, आणि खाली लोंबलेले ते टोक हळूहळू ओढून घेत घेत दोन्ही बाजू सारख्या करी. नंतर काठी पदरांच्या आत घालून ती दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवीत नेई, की लुगडे आपोआप पसरे. या सर्व क्रियेत तिचा हात खांद्याच्या वर क्वचितच जाई. वस्तू उंच आहे म्हणून माणसाने उंच व्हावे, असा हट्ट त्या व्यवस्थेत नव्हता. उंचीचे काम काठीने करावयाचे होते.

आज आपल्या कपाटात जो हँगर लोंबतो, त्याचे कुळ मात्र निराळे आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात १८६९ साली ओ. ए. नॉर्थ यांनी अशा एका साधनाचे पेटंट घेतल्याची नोंद आहे; आणि मिशिगनमधील जॅक्सन येथल्या टिंबरलेक कंपनीतील आल्बर्ट पार्कहाउस या कामगाराने १९०३ मध्ये, कोट अडकवावयास खुंटी रिकामी न सापडल्यामुळे, हाताशी असलेली तार वाकवून तिचा हँगर केला, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील काहीही असो, तिच्यातील कोट महत्त्वाचा आहे. हँगरचा त्रिकोण हा कोटाच्या खांद्याचा त्रिकोण होय. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे या शहरातील वकील, तहसीलदार, पेशकार अशा मंडळींच्या अंगावर शेरवानी असे, आणि शेरवानीला खांदा असल्याने तिचे हँगरशी जमण्यासारखे होते. पण साडी, धोतर, शेला, उपरणे यांचे काय? ‘जामदारखाना’ हा शब्द आपल्याकडे मौल्यवान चिजांच्या कोठाराला रूढ झाला आहे, त्याच्या पोटात फारसी ‘जामा’ म्हणजे वस्त्रच आहे. आणि त्या कोठारातील भरजरी वस्त्रे गाठोड्यांत, रुमालांत बांधूनच राहात.

पैठण औरंगाबादपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. पैठणीचा काठ आणि पदर विणताना निरनिराळ्या रंगांचे धागे एकमेकांत गुंतवून कारागीर मोर, कमळ, मुनिया उभे करतो, आणि जरीमुळे पदराकडचा भाग उरलेल्या साडीपेक्षा स्पष्टपणे जड होतो. अशी साडी तारेच्या हँगरवर टाकली, म्हणजे तिचा सगळा भार तारेच्या जाडीएवढ्या रेषेवर येतो. तेथे मोड पडते, आणि मोडीवर जरीचा धागा तुटतो. म्हणूनच पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवावी आणि अधूनमधून तिच्या घड्या बदलाव्या, असे जाणती माणसे सांगतात. शहराचा स्वतःचा हिमरू तर आणखी नाजूक. सुती ताण्यावर रेशमाचा जादा बाणा खेळवून त्याची वेलबुट्टी साधतात, आणि जेथे नक्षी वर येत नाही तेथे ते धागे कापडाच्या पाठीवर मोकळे राहतात. प्लास्टिकच्या हँगरवर साच्याची जोडरेषा खरखरीत राहिली असेल, तर शाल ओढून काढताना यांतला एखादा धागा तीत अडकतो, आणि समोरच्या फुलाची पाकळी चुणते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ती चुणी पुन्हा सरळ करता येत नाही.

हे झाले वस्त्राचे दुःख. माणसाचे दुःख मला मावशीमुळे समजले. मधुमेहाच्या मागोमाग तिचा उजवा खांदा धरला, आणि तीस वर्षे वापरलेले कपाट तिला एकाएकी परके झाले. हँगर लावण्याची क्रिया आपण इतक्या नकळत करतो की तिच्यात किती हालचाली आहेत हे ध्यानात येत नाही. आकडा दांडीवर चढवावयाचा तर त्याच्या खोलीइतका तो दांडीच्याही वर उचलावा लागतो; त्याच वेळी शेजारचे कपडे दाटीने सरकत असतात, ते थोपवून धरण्यास दुसरा हात हवा; आणि साडी बंद त्रिकोणातून ओवावयाची म्हणजे पुन्हा दोन्ही हात. ज्याचा एकच हात चालतो, त्याने काय करावे? मावशीने जे केले ते चुल्लवग्गातील भिक्षूंनी केले होते: ती साड्या खुर्चीच्या पाठीवर टाकू लागली.

शेवटी आम्ही पैठण गेटजवळच्या एका सुताराला बोलावले. त्याने कपाटातली लोखंडी नळी काढून टाकली, आणि सव्वा इंच जाडीची सागवानी गोल दांडी मावशीच्या छातीइतक्या उंचीवर बसवली. हँगरही त्यानेच केले. त्यांना खांदे नाहीत. वर रुंद तोंडाचा आकडा, त्याखाली एका बाजूने उतरणारी एकच मान, आणि मानेतून निघणारी आडवी, जाड, गोल दांडी, जिचे दुसरे टोक मोकळे आहे. हँगर जागेवरच राहतो. साडी तेवढी मोकळ्या टोकाने बाजूने सरकवावयाची किंवा काढावयाची. दांडी एका बाजूला झुकू नये म्हणून आकडा तिच्या नेमक्या मध्यावर यावा लागतो, आणि मान त्यासाठी वळवावी लागते. लाकडात हे वळण साधत नव्हते, ते तुटे. तिसऱ्या खेपेस त्याने मान लोखंडी सळईची केली आणि दांडी लाकडाची ठेवली. टोक त्याने काचकागदाने इतके घासले की मलमलीचा धागाही त्यावर अडकू नये. आपल्या कामाची परीक्षा त्याने स्वतःच्या डोक्याचा रुमाल त्यावरून चारपाच वेळा ओढून घेतली, आणि मगच ‘आता बघा’ म्हणून हँगर मावशीच्या हाती दिला.

बंद गळ्याच्या सदऱ्यासाठी हा हँगर निरुपयोगी आहे, हे कबूल केले पाहिजे. तेथे खांदा हवाच, आणि तो गळ्यातून जाताना मिटेल व आत गेल्यावर उघडेल असा हवा. तसे मिटणारे हँगर बाजारात मिळतात, पण त्यांची बिजागरी लवकर ढिली होते, आणि त्याचा इलाज आमच्या सुतारालाही अद्याप सुचलेला नाही. नातवंडांचे सदरे म्हणून खुंटीवरच असतात.

गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा मावशी कपाटापुढे उभी होती. तिने डाव्या हाताच्या तळव्याने दांडीवरून एकदा पुसल्यासारखा हात फिरवला, मग खांद्यावरची पैठणी मोकळ्या टोकाने सरकवली, आणि थोडी मागे सरून पाहिले. जुन्या घडीची पांढुरकी रेघ दांडीवर येत होती. तिने साडी आपल्याकडे चार बोटे ओढून घेतली आणि दार लावले.