मल्ली आणि तंबी

कँडीच्या स्टँडवर बस सुटायला अजून वीस मिनिटं होती. ड्रायव्हर चहा पीत होता आणि कंडक्टर पुढच्या दाराच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता, "नुवरएळिया, नुवरएळिया, नुवरएळिया." पंचविशीचा सडपातळ मुलगा, मनगटाला पांढरा दोरा. डाव्या हाताच्या बोटांत नोटा उभ्या घडी करून खोचलेल्या. शंभराच्या एका बेचक्यात, पाचशेच्या दुसऱ्या. तिकिटाचं यंत्र गळ्यात. माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, एन्न." 'एन्न' म्हणजे 'या'. 'अक्का' मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये मी श्रीलंकेच्या डोंगराळ भागात पाच दिवस नुसती बसने फिरले. इथली निळी रेल्वे जगभरच्या पर्यटकांना ठाऊक आहे आणि ती सुंदर आहेच. पण डोंगरातली माणसं शाळेला, दवाखान्याला, बाजाराला बसनेच जातात, म्हणून मला बस हवी होती. माझं लहानपण वरंध घाटातल्या एसटीत गेलेलं. घाटातली बस म्हणजे ड्रायव्हर, अशी माझी तेव्हापासूनची समजूत. ती इथे बदलली.

लाल रंगाची सरकारी बस, लेलँडची. अशोक लेलँडच्या गाड्या श्रीलंकेतच बांधायला १९८२ मध्ये तिथे भागीदारीतली कंपनी निघाली, त्यामुळे इंजिनाची घरघर थेट आपल्या एसटीची. ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं तापलेलं झाकण, त्यावर कुणाची तरी पिशवी. ड्रायव्हरच्या डोक्यावर बुद्धाची तसबीर आणि तिच्याभोवती लुकलुकणारे दिवे. दारामागचं पहिलं बाकडं भिक्षूंसाठी राखीव. पेरादेनियाला एक वयस्क भिक्षू चढले तेव्हा त्या बाकड्यावरचा कॉलेजचा मुलगा काही न बोलता उठला आणि शेजारची बाईही उठली. भिक्षूंच्या शेजारी बायका बसत नाहीत. कंडक्टरने तिच्यासाठी मागे जागा करून दिली, तेही एक शब्द न बोलता.

बस सुटण्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. एक बाई धापा टाकत आली आणि तिने कंडक्टरच्या हातात प्लास्टिकची छोटी पिशवी दिली. आत औषधाची पाकिटं होती. ती सिंहलीत बोलू लागली, अडली, मग तमिळमध्ये सांगितलं. त्याने मान हलवली आणि पिशवी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या खिळ्याला अडकवली.

कँडी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर, नुवरएळिया १,८६८ मीटरवर. मध्ये सुमारे ८० किलोमीटर रस्ता. गंपोळापर्यंत महावेली नदीच्या सोबतीने बस मजेत जाते. गंपोळाला वडेवाला चढला. वडे ज्या कागदात बांधून दिले ते शाळेच्या वहीचं पान होतं. माझ्या वाट्याला अपूर्णांकांची बेरीज आली, लाल शाईने बरोबरची खूण केलेली. खाऊन झाल्यावरही तो कागद मी जपून ठेवला.

गंपोळा सुटलं की चढ लागतो आणि पुस्सेल्लावानंतर खरा घाट. मी पुढच्या दाराजवळच बसले होते, त्यामुळे दोघांचं काम हातभर अंतरावरून दिसत होतं.

बसचा ड्रायव्हर पुढच्या चाकांच्याही पुढे बसलेला असतो. अगदी आवळ वळणावर चाकं रस्त्याच्या कडेला पोचायच्या आत त्याची बैठक कडेच्या पलीकडे गेलेली असते. काचेतून रस्ता दिसतच नाही, दिसते ती दरी आणि तिच्या तळाशी कोत्मलेच्या धरणाचं पाणी. त्या क्षणी तो दोन्ही हातांनी चाक फिरवतो आणि बसचं तोंड सावकाश पुन्हा डांबरावर येतं. वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकलेला असतो. वळणात क्लच दाबायचा नाही, चढावर गाडी सैल पडता कामा नये. दोनदा हॉर्न, मग क्षणभर कान देणं. वरून उत्तर आलं नाही तरच पुढे.

तोंड असं बाहेरून फिरत असताना मागची चाकं मात्र वळण आतून कापत येतात. डावीकडे वळताना डावं मागचं चाक डोंगराकडच्या गटाराच्या अगदी काठावरून जातं, आणि ते उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला नीट दिसत नाही. ते कंडक्टरला दिसतं. प्रत्येक डाव्या वळणावर तो तिकिटं अर्धवट सोडून दाराशी यायचा, दांडा धरून बाहेर झुकायचा आणि मागे बघत म्हणायचा, "हरि, हरि, हरि." म्हणजे ठीक आहे, चाललंय. हे 'हरि' एका लयीत चालू असेपर्यंत ड्रायव्हर चाक फिरवत राही. लय थांबली की बसही थांबे. एकदाही ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं नाही.

दहा-बारा वळणं पाहिल्यावर मला कळलं की तिकिटं फाडणं हे या मुलाचं जोडकाम आहे. मुख्य काम म्हणजे बसचा डावा डोळा होणं.

रांबोडाच्या अलीकडे समोरून भाजीचा ट्रक आला, गाजर आणि लीकने भरलेला. दोन्ही गाड्या नाकासमोर नाक लावून थांबल्या. चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा नियम, पण ट्रकच्या मागे आणखी चार गाड्या. कंडक्टरने उडी मारली. लाकडाचा ठोकळा मागच्या चाकाखाली सरकवला, ट्रकच्या क्लीनरशी दोन शब्द बोलला, मग डोंगराच्या बाजूला उभं राहून बसच्या पत्र्यावर तळहाताने थापा मारू लागला. एक थाप म्हणजे ये, दोन लागोपाठ म्हणजे थांब. वीतभर पुढे, टीचभर डावीकडे. आरसा दुमडला. ट्रक माझ्या खिडकीवरून इतका जवळून गेला की गाजरांना लागलेल्या मातीचा वास आला. ठोकळा उचलून, धावत येऊन, चालत्या बसमध्ये चढून त्याने मागच्या माणसाला उरलेले सुटे पैसे दिले. किती द्यायचे होते हे तो विसरला नव्हता.

या रस्त्यावर बोलणं कधी कधी आपोआप थांबतं. गरंडी एल्लाच्या वळणावर तसं झालं. ११ मे २०२५ च्या पहाटे कतरगामहून कुरुनेगलला निघालेली बस इथे दरीत कोसळली आणि वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या ड्रायव्हरने वेग आणखी कमी केला. माझ्या पुढच्या आजीबाईंनी हात जोडले. कंडक्टर वळणाच्या कितीतरी आधी दाराशी येऊन उभा होता.

हा डोंगर माणसांनी चहासाठी मोकळा केला, त्याआधी कॉफीसाठी. १८१५ मध्ये कँडीचं राज्य इंग्रजांच्या हाती गेलं, मग रस्ते आले, मळे आले. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि बघता बघता कॉफी संपली. जेम्स टेलर नावाच्या मळेवाल्याने १८६७ मध्ये लूलकंदेराच्या मळ्यात चहा लावून ठेवला होता, तो सगळ्या डोंगरावर पसरला. राबायला दक्षिण भारतातून तमिळ माणसं आणली. समुद्र ओलांडून, जंगलातून पायी चालत ती इथवर आली आणि कित्येक जण वाटेतच गेले. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं. राहिलेल्यांना ते मिळायला २००३ साल उजाडलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या देशाचा चहा खुडला तो देश आपला आहे हे कागदावर यायला पंचावन्न वर्षं लागावीत, याचा मला त्या बसमध्ये बसून फार त्रास झाला. कारण त्यांच्या पणत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर टोपल्या घेऊन.

या बायका चढल्या आणि बसची भाषा बदलली. गंपोळापर्यंत उतरणारा माणूस "बहिनवा" म्हणत होता, आता "इरक्कम" ऐकू येऊ लागलं. खालच्या बायका कंडक्टरला "मल्ली" म्हणत होत्या, सिंहलीत धाकटा भाऊ. मळ्यातल्या बायका म्हणू लागल्या "तंबी", तमिळमध्ये तेच. तो दोन्हींना तितक्याच चटकन ओ देत होता. स्वतः तो मात्र सगळ्याजणींना अक्का म्हणे. तो एक शब्द सिंहलीत चालतो, तमिळमध्ये चालतो, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही घरात चालेल.

रांबोडाचा १०९ मीटरचा धबधबा आणि टेकडीवरचं हनुमानाचं मंदिर मागे पडलं. सीतेच्या शोधात मारुती या डोंगरात आला अशी इथली श्रद्धा आहे. मंदिर दिसताच बसमधल्या बऱ्याच जणींचे हात कपाळाला गेले, माझाही गेला. त्यानंतर धुकं उतरलं. वायपर एकाच बाजूचा चालत होता. खिडक्या बंद झाल्या. ओल्या स्वेटरचा, चहाच्या पानांचा आणि डिझेलचा वास एकत्र झाला. रस्त्याकडेला दरडीच्या धोक्याच्या पाट्या दिसत होत्या. कुठे ताजी तांबडी माती डांबरावर ओघळली होती, कुठे दगडी बांधाला पोट आलं होतं. मी परतल्यानंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबरच्या अखेरीस, दित्वा चक्रीवादळात याच डोंगराळ जिल्ह्यांतल्या दरडी सुटल्या आणि देशभरात शेकडो माणसं गेली. त्या बातम्या वाचताना मला ते फुगलेले बांध आठवत राहिले.

लबुकेलीच्या आसपास एका मळ्याच्या फाट्यावर बस थांबली. उतरणारं कुणी नव्हतं, चढणारंही नव्हतं. कंडक्टरने खिळ्यावरची औषधाची पिशवी काढली, पायरीवर उतरला आणि धुक्यात बघत राहिला. ड्रायव्हरने लांब हॉर्न दिला. पुन्हा दिला. उशीर झालेला होता, तरी कुणी कुरकुरलं नाही. आजीबाईंनी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं आणि त्याही बघू लागल्या. मग चहाच्या झुडपांमधल्या पायवाटेवरून पावलांचा आवाज आला आणि पांढऱ्या शाळेच्या सदऱ्यातला एक मुलगा अनवाणी घसरत, धावत खाली आला. कंडक्टरने पिशवी दिली आणि दोन बोटं दाखवून तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. दिवसातून दोनदा, असं असावं. मुलाने ते म्हणून दाखवलं. कंडक्टरने त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि मगच पत्र्यावर थाप मारली.

नुवरएळियाला पोचलो तेव्हा थंडीने माझी बोटं आखडली होती. ड्रायव्हर खाली उतरून टायरांवरून हात फिरवत होता. कंडक्टर रिकाम्या बाकड्यावर बसून बोटांतल्या नोटा सोडवत, सरळ करत, मोजत होता. पाच मिनिटांत हिशेब झाला. फडक्याने पुढची काच पुसली, उलटी पाटी लावली आणि तो पुन्हा पायरीवर जाऊन उभा राहिला.

सिंहली माणूस कँडीला 'नुवर' म्हणतो, म्हणजे नगर. तमिळ माणूस 'कंडी' म्हणतो. स्टँडवर दोन्हीकडची माणसं उभी होती, डोक्यावर टोप्या, हातात भाजीच्या पिशव्या.

"नुवर, नुवर, नुवर," तो ओरडला. श्वास घेतला. "कंडी, कंडी, कंडी."